लहान बागेत गुलाबाचा घेर आधी पाहावा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बागकामाच्या पानावर लहान बागेसाठी गुलाब कसा निवडावा यावर जो लेख आला होता, त्यासंबंधी हे पत्र आहे. लेख सुबोध आहे आणि खतपाण्याविषयी त्यात जे सांगितले आहे ते बहुतांशी योग्यच आहे. मात्र ज्यांची बाग लहान आहे त्यांनी 3 फुटांहून उंच वाढणाऱ्या गुलाबाच्या वाटेला जाऊ नये, बुटक्या आणि मिनिएचर जातींवर समाधान मानावे, हा त्यातील मुख्य सल्ला मला पटला नाही. आणि सगळे गुलाब दरवर्षी सरसकट गुडघ्याइतके छाटावेत हे शेवटचे वाक्य तर काही झाडांचे नुकसानच करील. गेली 22 वर्षे मी 12 फूट लांब आणि 9 फूट रुंद अंगणात गुलाब वाढवीत आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

लहान बागेत तुटवडा असतो तो जमिनीचा. वरची हवा तेथेही तेवढीच मोकळी असते. बुटके म्हणून लावलेले झुडूप बहुधा जेवढे उंच तेवढेच रुंद होते, त्यामुळे 3 फूट उंचीच्या चार झुडपांनी माझ्या अंगणातली चालण्याची वाट दोनच वर्षांत गिळली होती. उलट खांबावर चढवलेला 8 फुटांचा गुलाब जमिनीवर जेमतेम दीड-दोन फुटांची जागा अडवतो आणि फुले डोळ्यांच्या पातळीवर देतो. म्हणून गुलाब घेताना ‘हा किती उंच होईल’ या प्रश्नाच्या आधी ‘याचा घेर किती आणि फांदी ताठ की लवचीक’ हे विचारले पाहिजे. दुर्दैवाने रोपाला बांधलेल्या चिठ्ठीवर उंची आणि फुलाचा रंग असतो, घेर क्वचितच असतो.

उंच गुलाब म्हणजे नेमके काय, हेही लेखात स्पष्ट झालेले नाही. काही जाती मुळात झुडपेच असतात, पण सरळसोट वाढतात. वॉल्टर लॅमर्ट्स यांनी तयार केलेला आणि 1954 मध्ये बाजारात आलेला ‘क्वीन एलिझाबेथ’ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. हा गुलाबी फुलांचा गुलाब माणसाच्या डोक्याच्या वर सहज जातो, पण त्याचा घेर 3 फुटांच्या आसपासच राहतो. शिवाय त्याला आधार लागत नाही, म्हणून अरुंद पट्टीत तो बसतो. त्याचा दोष एकच आणि तो लहान बागेत फार जाणवतो: सगळी फुले शेंड्याला येतात आणि जवळ उभ्या राहिलेल्या माणसाच्या वाट्याला नुसते काटेरी सोट येतात. यावर मी एक साधा उपाय करते. छाटणीच्या वेळी सर्व फांद्या एका उंचीवर न कापता मागची फांदी छातीइतकी, तिच्या पुढची कमरेइतकी आणि सर्वांत पुढची गुडघ्याइतकी ठेवते, म्हणजे फुले जिन्याच्या पायऱ्यांसारखी खालपर्यंत उतरतात.

खरा घोटाळा होतो तो ‘वेली गुलाब’ या शब्दामुळे. मुळात गुलाब वेल नव्हेच. त्याला ना तणावे, ना वेटोळे घालण्याची सवय. आपल्या लांब फांद्या तो काट्यांच्या आकड्यांनी शेजारच्या झाडाझुडपांत अडकवतो आणि वर सरकतो. आपण बांधले नाही तर तो मोकळा लोंबतो. त्यातही आपण ज्यांना एकाच शब्दाने ओळखतो असे हे दोन निरनिराळे प्रकार आहेत: क्लाइंबर आणि रॅम्ब्लर. क्लाइंबरच्या फांद्या जाड आणि काहीशा ताठ, फुले मोठी, आणि बहुतेकांना वर्षात पुन्हा पुन्हा बहर. वाढ साधारण 8 ते 12 फूट. रॅम्ब्लरच्या फांद्या सडसडीत, लवचीक, फुले लहान आणि मोठ्या झुबक्यांत, बहर बहुधा एकदाच, आणि वाढ 20-30 फुटांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. इंग्लंडमधील किफ्ट्सगेट कोर्ट या बागेतील ‘किफ्ट्सगेट’ नावाचा रॅम्ब्लर उंच झाडे झाकून टाकतो, आणि अमेरिकेत ॲरिझोनातील टूमस्टोन गावात 1885 मध्ये लावलेल्या एकाच ‘लेडी बँक्स’ गुलाबाचा मांडव काही हजार चौरस फुटांवर पसरला आहे.

हा फरक मी ठेच खाऊन शिकले. एका रोपवाटिकेत ‘वेली गुलाब, नाजूक, झुबक्यांनी फुलणारा’ एवढ्या वर्णनावर मी पिशवीतले एक वीतभर रोप घेतले आणि कुंपणाच्या कोपऱ्यात लावले. पहिल्या वर्षी ते जगेल की नाही याची काळजी होती. तिसऱ्या वर्षी त्याने कुंपणाची भिंत ओलांडली. चौथ्या वर्षी त्याच्या 15-15 फुटांच्या फांद्या शेजाऱ्यांच्या खिडकीच्या गजांत शिरल्या, दोरीवर वाळत घातलेली चादर काट्यांत अडकून टरकन फाटली, आणि एवढे सगळे सोसून फुले मिळाली ती वर्षातून तीन आठवडे. शेवटी दोन दिवस खपून ते झाड मुळासकट काढावे लागले. पुढची चूक मात्र सर्वस्वी माझी. त्याच खड्ड्यात मी नवा गुलाब लावला आणि तो वर्षभर जागचा हलला नाही. जिथे अनेक वर्षे गुलाब होता त्या मातीत नवा गुलाब नीट रुजत नाही, हे जाणकार सांगतात. दीड फूट खोल आणि तेवढीच रुंद माती उपसून दुसरी भरल्यावर त्याच रोपाने मान वर काढली.

म्हणून लहान अंगणासाठी माझी निवड आहे बेताचा क्लाइंबर. मात्र त्यातही केवळ नावाच्या प्रसिद्धीवर जाऊ नये. ‘न्यू डॉन’ हा गुलाब अतिशय देखणा आहे आणि त्याला इतिहासही आहे: ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या एकदाच बहरणाऱ्या गुलाबाच्या झाडावर आपोआप झालेल्या बदलातून तो निघाला, पुन्हा पुन्हा बहरू लागला, आणि 1931 मध्ये अमेरिकेत वनस्पतीला मिळालेले पहिले पेटंट त्यालाच मिळाले. परंतु तो चांगला 15 ते 20 फूट जाऊ शकतो, आणि माझ्यासारख्या अंगणात त्याला वर्षभर कापतच बसावे लागेल. त्यापेक्षा ‘क्लाइंबिंग आइसबर्ग’ मला अधिक शहाणा वाटतो. जर्मनीतील कोर्डेस यांनी तयार केलेला पांढरा झुडपी ‘आइसबर्ग’ 1958 चा. त्याच्याच एका लांब वाढणाऱ्या फांदीपासून हा चढता प्रकार 1968 मध्ये आला. काटे कमी, बहर वारंवार, आणि 10-12 फुटांत आटोपशीर राहतो.

येथे ‘क्लाइंबिंग’ या उपपदाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. एखाद्या प्रसिद्ध झुडपी गुलाबाच्या नावामागे हा शब्द असेल तर तो त्या झुडपापासून निघालेला लांब वाढीचा प्रकार आहे असे समजावे. फूल तेच, पण स्वभाव तोच असेल असे नाही; ‘क्लाइंबिंग पीस’ हा फुले देण्याच्या बाबतीत झुडपी ‘पीस’च्या मानाने चांगलाच कंजूष म्हणून ओळखला जातो. शिवाय अशा रोपांना पहिली दोन वर्षे खोल छाटले तर ती चढण्याचे सोडून पुन्हा झुडपासारखी वाढू लागण्याची भीती असते. आपल्या लेखातील गुडघ्याइतक्या छाटणीचा सल्ला येथे पहिल्यांदा नडतो.

क्लाइंबर लावून तो सरळ वर जाऊ दिला तर त्याचीही गत ‘क्वीन एलिझाबेथ’सारखीच होते. फांदीच्या शेंड्यातून खाली येणारे संप्रेरक फांदीवरच्या खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, झोपवून ठेवते, आणि फुलांचा झुबका छताजवळ लागतो. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याचे वर्चस्व मोडते आणि बाजूचे डोळे जागे होतात. मी हे पहिल्यांदा एका 7 फुटांच्या फांदीवर करून पाहिले. ती एका दमात न वाकवता, रोज थोडी थोडी ओढून, चौथ्या दिवशी जमिनीला जवळजवळ समांतर आणली आणि जुन्या सुती कापडाच्या पट्ट्यांनी तारेला बांधली. काही दिवस काहीच दिसले नाही. मग एके दिवशी सकाळी पाणी घालताना फांदीच्या वरच्या अंगाला, पानांच्या बेचक्यांत, तांदळाच्या दाण्याएवढे लालसर कोंब ओळीने फुगलेले दिसले. मी मोजले, 11 होते. त्यातला प्रत्येक कोंब वीत-दीड वीत वाढून फुलला, आणि ज्या फांदीवर आधीच्या वर्षी शेंड्याला तीन फुले आली होती तिच्यावर त्या बहरात झुबकेच्या झुबके लागले. भिंतीची लांबी नसेल तर हीच फांदी खांबाभोवती तिरपी गुंडाळावी. परिणाम जवळपास तोच मिळतो आणि जागा त्याहून कमी लागते. फांदी कोवळी असतानाच हे करावे, कारण जून फांदी वाकवताना बुडाशी मोडते.

बांधणीच्या बाबतीत दोनच सूचना करते. रोप भिंतीला चिकटवून न लावता दीड फूट अंतरावर लावून भिंतीकडे कलते ठेवावे, कारण भिंतीच्या पायथ्याची माती कोरडी असते. आणि तारा भिंतीपासून तीन-चार बोटे पुढे ओढाव्यात, म्हणजे पानांमागून हवा खेळते आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, कमी पडते. फांद्या तारांच्या मागून ओवण्याचा मोह टाळावा. त्या पुढच्या बाजूनेच बांधाव्यात, नाहीतर तीन वर्षांनी वाळकी फांदी काढताना निम्मी तार उचकटावी लागते.

अरुंद वाटेवर काटे नकोत म्हणून काही जण बिनकाट्यांचा गुलाब मागतात. 1868 सालचा ‘झेफिरिन द्रुएँ’ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. गडद गुलाबी, सुगंधी आणि थोडी सावली सोसणारा. पण भुरी आणि पानांवरचे काळे ठिपके या दोन्ही रोगांना तो लवकर बळी पडतो, आणि चारी बाजूंनी भिंती असलेल्या, वारा न फिरणाऱ्या अंगणात तर हमखास. दाराशी, जिथे हवा वाहती आहे, तिथे तो जरूर लावावा. कोंदट कोपऱ्यात मी लावणार नाही.

उंच खोडावर डोळे भरून, म्हणजे दुसऱ्या गुलाबाचे कलम करून, तयार केलेले छत्रीसारखे दिसणारे ‘स्टँडर्ड’ गुलाब आपल्या लेखात आलेच नाहीत. तीन-साडेतीन फुटांचे उघडे खोड आणि त्यावर झुडूप अशी ही रचना असते, त्यामुळे खाली दुसरी रोपे लावता येतात. खरे पाहता हा उंच गुलाब नव्हे, उंचावर बसवलेला बुटका गुलाब आहे. त्याचा सगळा भार एका खोडावर असल्याने कलमाच्या जोडापर्यंत पोचेल अशी भक्कम काठी लागते, आणि खोडावर किंवा मुळातून येणारी खुंटाची (ज्यावर कलम केले त्या रानगुलाबाची) रानफूट दिसताच ओरबाडून काढावी लागते. ज्यांना रोज झाडाकडे पाहायला वेळ आहे त्यांनाच मी तो सुचवीन. मोठ्या कुंडीत लावायचा असेल तर क्लाइंबरसाठी निदान दीड ते दोन फूट तोंडाची आणि तेवढीच खोल कुंडी घ्यावी.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर कधीच नसते. जातीची उंची ही ती ज्या हवेत मोजली गेली तिथली असते. जिथे कडक थंडीने झाड दरवर्षी काही महिने झोपी जाते तिथे 6 फूट होणारा गुलाब, जिथे वाढ बाराही महिने चालू राहते तिथे 9 फूटही जातो. म्हणून कॅटलॉगवर विसंबण्यापेक्षा आसपास कोणाकडे तीच जात चार-पाच वर्षांची असेल तर ती टेप घेऊन पाहून यावे, आणि घरी परत येऊन तेवढा घेर सुतळीने आखून त्याच्या बाजूने हातात पाण्याची बादली घेऊन एकदा चालून पाहावे. बादली अडखळली तर ती जात आपली नव्हे. ऊन मात्र निदान पाच-सहा तास मिळालेच पाहिजे. त्यात तडजोड केल्यास कोणतीही जात फुलणार नाही.

आपणास विनंती अशी की, पुरवणीत यापुढे गुलाबाच्या जाती सुचवताना उंचीसोबत घेर आणि बहर एकदाचा की वारंवार हेही द्यावे. आणि छाटणीविषयीच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढील अंकातच छापावी. एकदाच बहरणारे रॅम्ब्लर आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात, त्यांची छाटणी बहर संपल्यानंतर करायची असते. छाटणीचे दिवस जवळ आले आहेत, आणि आपल्या लेखावर विश्वासून ज्यांनी कात्र्यांना धार लावून ठेवली आहे, त्यांच्या रॅम्ब्लरवर येत्या बहरात पानांखेरीज काही दिसणार नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक