हा कसला वारसा?

अमेरिकेतील कॉन्फेडरेट झेंड्याला, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या झेंड्याला, ‘वारसा’ म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. साउथ कॅरोलिनाच्या विधान भवनाच्या घुमटावर हा झेंडा चढला १९६१ मध्ये, नागरी हक्कांची चळवळ जोर धरत असताना. (युद्धाच्या शताब्दीचे निमित्त होतेच!) २००० मध्ये तो घुमटावरून आवारात आला आणि २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर तिथूनही उतरला. मिसिसिपीच्या मतदारांनी तर २००१ मध्ये या झेंड्याचे चिन्ह आपल्या राज्यध्वजावर ठेवण्याच्या बाजूने सुमारे ६४ टक्के कौल दिला होता. २०२० मध्ये त्यांनीच मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा ध्वज भरघोस मतांनी स्वीकारला. स्वतःच्या घरावर कोणी कॉन्फेडरेट झेंडा खुशाल लावावा. सर्वांच्या करातून उभ्या राहिलेल्या इमारतीवर कशाला?

– एक वाचक, डोंबिवली