अनुदान जिल्ह्याला एक, माणसं मात्र ४८ लाख

संपादक साहेब, नमस्कार.

बेळगाव जिल्हा फोडायचा, चिकोडी वेगळा करायचा, गोकाक वेगळा करायचा हे आम्ही १९९७ पासून ऐकतोय. तेव्हा कर्नाटकातल्या जे. एच. पटेल सरकारनं जाहीर केलं आणि मागं पण घेतलं, तेव्हापासून विषय निघतोय आणि विझतोय. त्यात राजकारण कुणाचं, फायदा कुणाचा ते चालू राहू दे. पण एवढा अवाढव्य एक जिल्हा ठेवल्यामुळं एका बाबतीत आपलं सरळसरळ नुकसान होतंय आणि त्यावर कुणी बोललेलं मी तरी वाचलं नाही, म्हणून हे पत्र.

मानसिक आजार आणि दारूचं व्यसन यावर सरकारी उपचार मिळावेत म्हणून केंद्राचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, १९९६ ला सुरू झालेला. गंमत म्हणजे त्याचा नमुना आपल्याच राज्यातला, बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या लोकांनी बळ्ळारी जिल्ह्यात आधी करून दाखवलेला. तर त्यात एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२० लाख रुपये असा हिशेब ठरलाय. जास्तीत जास्त हं, म्हणजे तेवढे येतीलच असं नाही. आता २०११ ची जनगणना काढून बघा, कोडगू जिल्ह्याची लोकसंख्या साडेपाच लाख आणि आपली जवळजवळ ४८ लाख, आणि दोघांना मर्यादा तीच. कोडगूत माणशी पंधरा रुपये पडतात तर आपल्याकडं पावणेदोन. कोडगूवाल्यांचे कमी करा असं मी म्हणत नाही, त्यांना पण ते पुरत नसणारच. पण अथणीपासून खानापूरपर्यंत आणि निपाणीपासून रामदुर्गपर्यंत एवढ्या पसाऱ्याला एकाच टीमचा हिशेब लावणाऱ्यानं नकाशा तरी बघितला होता का असा प्रश्न पडतो.

दुसरीकडं दारूतून राज्य सरकारला मिळणारा अबकारी महसूल वर्षाला तीस हजार कोटींच्या वर गेलाय. अंगणवाडीतली पोरं धरून भागाकार केला तरी माणशी साडेचार-पाच हजार होतात. त्यातले उपचाराला किती परत येतात हे मी वेगळं सांगायला नको. नव्वद मिलीचं दारूचं पाकीट गावात किराणा दुकानात मिळतंय, आमच्या भागात गोव्याची स्वस्त दारू वेगळीच, पण ती सोडायची म्हटलं तर तालुक्याला जा, तिथं डॉक्टर असले तर नशीब.

तालुका हॉस्पिटलात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, मनोचैतन्य म्हणून राज्याची योजना आहे, योजना चांगली आहे यात वाद नाही. पण कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसानं बस पकडून यायचं, केसपेपर काढायचा, लाईनीत बसायचं, आणि डॉक्टरांना एका माणसामागं पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात गोळ्या लिहून होतात, बोलणं राहतं. बोलायला जो समुपदेशक पाहिजे तो कंत्राटावर, पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर नाही, मग तो दुसरी नोकरी बघतो आणि पेशंटनं आपलं सगळं रामायण नवीन माणसाला पहिल्यापासून सांगायचं.

शेजारच्या एका बाईंबरोबर मी असाच गेलो होतो, कुठल्या दवाखान्यात ते सोडा. नवऱ्याची दारू आणि त्यात संशयाचं वेड. समोरच्या मॅडम भल्या होत्या पण त्यांना मराठी येत नव्हतं, बाईंना कन्नड येत नव्हतं, आणि मला कन्नड येतं म्हटलं तरी परक्या गड्यासमोर ती बाई काय बोलणार. शेवटी सहावीतली मुलगी, कन्नड शाळेत जाणारी, ती मध्ये बसून सांगत होती, बाबा आईवर काय काय आरोप करतात ते. पोरगी खाली बघून सांगतेय आणि मॅडमनीच पेन ठेवलं, म्हणाल्या राहू दे बाळ, तू बाहेर बस. त्यांची काय चूक? पद एकच मंजूर असेल तर दोन भाषांची माणसं कुठून आणणार. १४४१६ वर टेली मानस आहे, फुकट आहे, मराठीत पण बोलता येतं, ज्यांना माहीत नसेल त्यांनी नंबर लिहून ठेवा. पण रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीव पण जाऊ शकतो, तेव्हा फोनवर भागत नाही, तिथं खाट पाहिजे, गोळ्या-इंजेक्शन पाहिजे, नाहीतर गाडी करून धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे मानसोपचाराच्या सरकारी हॉस्पिटलला पळायचं.

हे जमलं नाही की माणसं भिंतीवरच्या 'न सांगता दारू सोडवा' जाहिरातीकडं वळतात. असल्या पुडीत डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्याली की त्रास होतो ते औषध असलं आणि ते चहातून चोरून दिलं, आणि वरून माणूस प्याला, तर बीपी कोसळून दवाखाना गाठावा लागतो. घरच्यांचा हेतू वाईट नसतो हो, त्यांना दुसरं काही हाताशी नसतं. खाजगी व्यसनमुक्ती केंद्र परवडत नाही, आणि केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर संस्था केंद्रं चालवतात त्यांचा हप्ता मागच्या खर्चाचा दाखला, तपासणी असं सगळं होईपर्यंत अडकतो, तोवर स्वयंपाकीण आणि वॉर्डबॉय उधारीवर.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सरकारी उपचार हा हक्क म्हणून लिहिलाय, जिल्ह्यात सरकारी सोय नसेल तर तिथंच दुसरीकडं घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं द्यायचा हेसुद्धा त्यात आहे. कागदावर काही कमी नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा फुटेल तेव्हा फुटेल, पण या कार्यक्रमाचं अनुदान जिल्ह्यामागं नको, लोकसंख्येमागं द्या, चिकोडी-निपाणीकडं एक आणि खानापूर-बेळगावकडं एक अशा वेगळ्या टीम द्या, आणि सीमाभागातल्या टीममध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा समुपदेशक कायम नोकरीवर घ्या. मर्यादा दिल्लीची असली तरी अबकारीचा पैसा बेंगळूरचाच आहे, वरची भर तिथून घालायला कुणी अडवलेलं नाही. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा आपल्या आमदारांनी फक्त तीन गोष्टी लेखी विचाराव्यात, या कार्यक्रमाचे बेळगावला गेल्या वर्षी किती आले, किती खर्च झाले आणि किती पदं रिकामी आहेत. मिळालेलं उत्तर आपण जसंच्या तसं छापावं, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका