टोरोंटोतल्या स्कारबरोच्या स्टॉपवॉचवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

हे पत्र व्हॉट्सॲपवर पाठवता आलं असतं. पण तुम्ही त्यावर नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला असता आणि विषय तिथेच संपला असता. शिवाय परदेशात पोरांना पोहायला, पळायला, बॅडमिंटनला नेणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत, आणि आमच्या घरात जे चाललं होतं ते त्यांच्याही घरात कधीतरी होणारच आहे. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम टाळलंय. आवडलं नसतं तुम्हाला.

लेकीची 50 आणि 100 मीटर फ्रीस्टाइलची वेळ सुधारायला लागली आणि आमच्याकडे वेगळीच शर्यत सुरू झाली. साताऱ्याहून सासरे म्हणायचे, तिला भारताकडून उतरवा, घराण्याचं नाव होईल. माझ्या भावाचा हिशोब सरळ होता: कॅनडात तिला कोण विचारणार, भारतात पटकन संघात येईल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) आहेच की! नवऱ्याला यातलं काहीच पटत नव्हतं. ज्या देशाच्या तलावांत वाढली त्याला पाठ दाखवायची म्हणजे गद्दारी, असं तो चक्क जेवताना बोलला. पोरगी ताटावरून उठून गेली. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

स्पर्धेत वेळ मोजणारे म्हणून तलावाच्या कठड्याशी तुम्ही पांढऱ्या शर्टात उभे होतात, हीट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, संपल्या होत्या, आणि मी तुमच्याकडे हे सगळं भडाभडा ओकले. तुम्ही आधी कागदाचं बघितलंत. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, भारताची राज्यघटना आणि 1955 चा नागरिकत्व कायदा दोन पासपोर्ट चालवून घेत नाही, आणि 2008 पासून सरकारचं धोरण स्पष्ट आहे की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येतं. म्हणजे तिरंग्यासाठी पोहायचं तर कॅनडाचा पासपोर्ट सोडायची तयारी हवी. आमच्या घरात इतके दिवस जे भांडण चाललं होतं, त्याला मुळात जमीनच नव्हती. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा भाऊ फोनवर बराच वेळ गप्प होता. तो गप्प राहणं ही आमच्याकडे दुर्मीळ घटना आहे, तेवढ्यासाठीही तुमचे आभार.

पण खरे आभार सँतो कोंडोरेली या जलतरणपटूच्या गोष्टीसाठी. मला हा माणूस माहीतही नव्हता. जन्म जपानचा, वाढला अमेरिकेत, आईकडून कॅनडा, वडलांकडून इटली. तुम्ही त्याला 2015 मध्ये याच स्कारबरोच्या तलावात पाहिलंत, पॅन अमेरिकन स्पर्धा टोरोंटोला होत्या तेव्हा, आणि त्यानं कॅनडासाठी पदकं मिळवली. मग 2016 चं रिओ ऑलिंपिक. 100 मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत तुम्ही लेकीला जशी सांगितलीत तशी मी टीव्हीवरच्या समालोचकाकडूनही ऐकलेली नाही. वळणावर हा सगळ्यांत पुढे. ऑस्ट्रेलियाचा काईल चाल्मर्स तेव्हा सातवा. परत येताना चाल्मर्स एकेकाला गाठत गेला आणि 47.58 मध्ये सोनं घेऊन गेला. बेल्जियमचा टिमर्स 47.80, अमेरिकेचा एड्रियन 47.85, आणि आपला कोंडोरेली 47.88. पदक गेलं तीन शतांश सेकंदानं. तुम्ही बोटं जुळवून दाखवलंत: त्या वेगाला तीन शतांश म्हणजे सहाएक सेंटीमीटर, फार तर चार बोटं.

आणि ते दुसरं बोट! शर्यतीआधी उडी मारायच्या ठोकळ्यामागे उभा राहून हा मुलगा वडलांना मधलं बोट दाखवायचा आणि वडील प्रेक्षकांतून त्याला. आठ वर्षांचा असताना धिप्पाड पोरांसमोर घाबरायचा, म्हणून वडलांनीच लावून दिलेली सवय. पुढे कॅमेऱ्यांनी पकडलं, बोभाटा झाला, मग कपाळाला बोट टेकवून करायला लागला. मला अजूनही ते असभ्यच वाटतं, तुम्ही कितीही हसलात तरी. पण लेकीनं त्यावरून बापाकडे जे पाहिलं! त्या दिवसापासून स्पर्धेआधी ती त्याला स्टँडमध्ये शोधते. बोट दाखवत नाही, एवढं नशीब. जीभ काढून दाखवते. तोही दाखवतो. एक्केचाळीस पार केलेला, बँकेत काम करणारा गृहस्थ.

रिओनंतर कोंडोरेली इटलीकडे गेला. नवऱ्यानं लगेच विचारलं, म्हणजे पळालाच ना? तेव्हा तुम्ही चिडला नाहीत. ऑलिंपिकचा नियम सांगितलात: दोन नागरिकत्वं असलेल्याला देश निवडता येतो, पण एकदा एका देशाकडून उतरलं की दुसरीकडे जायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि वरच्या आंतरराष्ट्रीय संस्था मिळून ती मुदत कमी करू शकतात. म्हणजे चोरून काही होत नाही, सगळं कागदावर, सगळ्यांच्या संमतीनं किंवा वाट बघून. आणि मग म्हणालात, इटलीकडे त्या वेळी चौघांचा असा रिले संघ जुळून येत होता की त्यात पाचव्या माणसालाही किंमत होती.

हे पाचव्या माणसाचं प्रकरण लेकीच्या डोक्यात घट्ट बसलंय. टोकियो ऑलिंपिकमध्ये इटलीच्या 4 बाय 100 फ्रीस्टाइल रिलेत कोंडोरेली सकाळच्या हीटमध्ये पोहला. फायनलला मिरेसी, चेक्कोन, झाझ्झेरी आणि फ्रिगो उतरले, 3:10.11 मध्ये रौप्य आलं, ऑस्ट्रेलियाच्या अकरा शतांश पुढे. पोडियमवर ते चौघे. पण जलतरणात हीटमध्ये पोहलेल्यालाही पदक मिळतं, त्यामुळे रिओत चार बोटांनी हुकलेलं ते पदक पाच वर्षांनी, दुसऱ्या झेंड्याखाली, फायनलच्या पाण्यात न उतरता त्याच्या गळ्यात आलं. मला हे ऐकून थोडं वाईटच वाटलं होतं, खरं सांगते. लेकीला अजिबात नाही. ती म्हणाली, म्हणजे सकाळी तो नीट पोहला नसता तर संध्याकाळ आलीच नसती. क्लबच्या रिलेत तिला हीटला ठेवून फायनलला दुसरीला घेतात तेव्हा आधी गाडीत रडारड व्हायची. आता होत नाही. ही गोष्ट एखाद्या महागड्या मानसतज्ज्ञाकडे गेलो असतो तरी इतक्या सहज झाली नसती.

सासऱ्यांना मात्र कोंडोरेलीनं पटवता आलं नसतं. त्यांच्यासाठी तुम्ही तुमच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे काढलात. 2010 मध्ये ग्वांगझूला 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य, आशियाई स्पर्धेत भारताला चोवीस वर्षांनी मिळालेलं जलतरणाचं पदक. मग तहसीलदाराची नोकरी सांभाळत 2018 ला जकार्ता, 50 मीटर फ्रीस्टाइल, 22.47, आणि कांस्य हुकलं ते एका शतांशानं. फोनवर तुम्ही त्यांना म्हणालात, "अण्णा, भारतात पटकन संघात येईल म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवा. तिकडचं पाणी काही पातळ नाही." अण्णा हसले. झेंडा आता त्यांच्या बोलण्यात येतो, पण हुकूम म्हणून नाही. हल्ली "आज किती वेळ लागला?" एवढंच विचारतात.

तुम्ही आम्हाला कुठला देश घ्यायचा हे एकदाही सांगितलं नाहीत, विचारूनही नाही. फक्त म्हणालात की ती अजून कुठल्याच देशाकडून उतरलेली नाही, तोवर तिच्यापुढचा कुठलाच दरवाजा लागलेला नाही, आणि तिचा स्टार्ट फार कच्चा आहे, आधी त्याचं बघा. आम्ही झेंड्यांवरून भांडत होतो आणि तुमची नजर तिच्या पायांवर होती. स्टार्टवर काम चालू आहे. ठोकळ्यावरून पाण्यात जाताना गुडघे वाकायचे, ते कमी झालेत. तुम्ही बघालच.

एक व्यवहाराचं. पुढच्या स्पर्धेला टायमर कमी पडतायत असं क्लबच्या मेलमध्ये होतं. मी आणि नवरा, दोघांनीही नावं दिली आहेत. स्टॉपवॉच कधी दाबायचं, दिवा बघून की आवाज ऐकून, यावरून घरात नवं भांडण लागलंय. शनिवारी जरा लवकर या आणि निकाल लावा. येताना डबा आणू नका, थालीपीठ मी आणतेय.

तुमची,
सात नंबर लेनवाल्या पोरीची आई