फ्यूज नव्हे, वायरिंग बदला

महोदय,
नागपुरातील एका सरकारी संशोधन संस्थेत मी तीस वर्षे वायरमन होतो. तिथल्या जुन्या इमारतीत आजही लाकडी पट्टीवरची अ‍ॅल्युमिनियमची वायरिंग आहे. परवा गेलो, तर बोर्डाचं झाकण काळवंडलेलं, फ्यूज उडू नये म्हणून किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या होल्डरमध्ये, जाड तार गुंडाळलेली! वायरीवरचं साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच तग धरतं; मे महिन्यात इथे बाहेरच ४५ अंश, त्यात एसी आणि उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरच्या भाराने वायर आणखी तापते. फ्रीझर बंद पडला की वर्षानुवर्षे जपलेले नमुने एका रात्रीत मातीमोल. भिंतींना मात्र नवा रंग लागलाय, हे पाहून जीव तुटतो. आधी अर्थिंग तपासा, तांब्याची वायर ओढा, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे स्विच) बसवा. तेही उन्हाळ्याआधी.

– एक निवृत्त वायरमन, नागपूर