नोटांना इस्त्री आणि अर्धं शटर

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू रूमवरच्या पोरींना सांगत होतीस ना, आमचे पप्पा कोरोनात नोटांना इस्त्री करायचे, आणि सगळ्या खो खो हसत होत्या. मीपण हसलो, हसण्यासारखंच होतं ते. पण फोन ठेवल्यावर झोप काही लागेना, म्हणून हे लिहीत बसलोय. मोबाईलवरच टाईप करतोय, एका बोटानं, त्यामुळं चुका होतील त्या समजून घे आणि एवढं लांबलचक आलंय म्हणून न वाचता अंगठा दाखवू नकोस.

इस्त्री केली हे खरंच आहे. खाली चादर, वर पेपर आणि मधे नोटा. एका पाचशेच्या नोटेला तपकिरी डाग पडला, ती अजून खणात आहे, चालवायची लाज वाटली. द्राक्षाचं तुला आठवतंय का नाही माहीत नाही. त्या वर्षी तासगाव भागातल्या शेतकऱ्यांची द्राक्षं ऐन हंगामात अडकली, पोरं टेम्पो घेऊन गल्लोगल्ली विकायला यायची, मी दोन पेट्या घेतल्या आणि भांड्याच्या साबणानं धुतल्या. आठ दिवस घरात फेसाच्या चवीची द्राक्षं खाल्ली सगळ्यांनी. फळांना साबण लावायचा नसतो, साध्या वाहत्या पाण्यानं धुवायची असतात, हे नंतर कळलं. आजी तेव्हाच म्हणत होती, पण आजीचं कोण ऐकतंय.

आता तुझ्या मैत्रिणींना काय माहीत असणार, पण आमची परिस्थिती काय होती बघ. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेला महापूर आलेला, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर, गावभागातल्या आपल्या घरातला चिखल काढून भिंतीचा ओलावा अजून गेला नव्हता तोवर मार्च उजाडला. तुझे सातवीचे पेपर रद्द झाले म्हणून तू उड्या मारत होतीस. २२ तारखेला जनता कर्फ्यू, आणि लगेच दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पेशंट सापडल्याची बातमी. सांगलीचं नाव दिवसभर टीव्हीवर. माणूस घाबरला की हाताला जे लागेल ते करतो, माझ्या हाताला इस्त्री लागली.

पण एक गोष्ट मी बरोबर शिकवली होती तुला आणि ती तू सांगितली नाहीस त्यांना. हळदीची.

मार्केट यार्डात माझं काम काय ते तू बघितलंयस. हळदीचा सौदा म्हणजे एका वक्कलातलं (विक्रीला लावलेल्या ढिगातलं) हळकुंड दहा जण उचलणार, मोडून आतला रंग बघणार, वास घेणार, तोच हात नाकाला, तोच हात तंबाखूला, तोच हात शेकहँडला. संध्याकाळी घरी आलो की हात मनगटापर्यंत पिवळे. तर मी मोरीत तुला शेजारी उभं करायचो आणि वडीचा साबण लावायचो, हळद लगेच लालभडक व्हायची (कुंकू असंच करतात, हळदीला चुन्यासारखं काही लागलं की ती लाल होते), आणि तू म्हणायचीस पप्पा रक्त आलं. मग वर पाणी घेतलं की समोर दिसायचं कुठं कुठं राहिलंय ते. तळवा एकदम स्वच्छ आणि अंगठ्याची मागची बाजू पिवळी, बोटांच्या बेचक्यात पिवळं, नखाच्या कडेला पिवळं, आणि अंगठीखाली तर कायमचंच. म्हणजे इतकी वर्षं मी हात धुतोय म्हणायचो ते नुसते तळवे चोळत होतो! मग तुझ्या हाताला पण तेलात कालवलेली हळद लावून आपण शर्यत लावायचो कुणाचे आधी निघतात. तुझे कधीच वीस सेकंदांत निघाले नाहीत, माझे तर त्याहून नाहीत.

रोगाचे जंतू पिवळे नसतात एवढाच फरक. त्यामुळं आता तू हॉस्टेलच्या बेसिनवर हात धुताना हळद लागलीय असं समजूनच धू. अंगठा वेगळा पकडून पिळल्यासारखा, बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर घासून, बेचक्या, मनगट. लिक्विडवाला हँडवॉश असला तरी चालतो, गरम पाणीच पाहिजे असंही काही नाही, चोळणं महत्त्वाचं. कोरोनाच्या विषाणूला वरनं चरबीचं आवरण असतं म्हणे, आणि साबण चरबीला काय करतो ते तुला सांगायला नको, वांग्याच्या रश्श्याची कढई नुसत्या पाण्यानं निघते का? साबणानं ते आवरणच फाटतं, मग आतला विषाणू काही कामाचा राहत नाही. आणि हात पुसायला तुझा स्वतःचा नॅपकिन ठेव. आपल्या घरी एकच पंचा खुंटीला असायचा, सहा माणसं त्यालाच पुसायची आणि वर म्हणायची आम्ही हात धुतो.

सॅनिटायझरची बाटली तू बॅगेला लटकवून हिंडतेस ते दिसतं मला फोटोत, चांगलंय, पण ती हात धुण्याच्या बदली नाही. साठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असेल तरच घे, आणि हात तेलकट किंवा मळके असतील तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. वडापाव खाऊन सॅनिटायझर चोळलं की नुसतं तेल पसरतं. लावल्यावर पूर्ण वाळू दे आणि मगच गॅस नाहीतर काडी पेटव. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता दिवे लावायचे होते बघ, तेव्हा सगळीकडं सांगत होते सॅनिटायझर लावलेल्या हातानं दिवा लावू नका म्हणून, आणि आपली आजी बरोबर तेच करायला निघालेली, निरांजन हातात, मी ओरडलो तर माझ्यावरच चिडली.

आणि जुलाब-उलट्यांचा जो नोरोव्हायरस असतो त्याला तर सॅनिटायझर फारसं जुमानत नाही, तिथं साबण आणि पाणीच. हे मी तुला का सांगतोय, तर २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात तुमच्याच त्या सिंहगड रोडला, धायरी, नांदेड गावाकडं जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट सापडलेले ते विसरू नकोस. पोरंसोरं हातापायातली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली होती. पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू निघाला, नोरोव्हायरस पण निघाला. खराब पाणी, अर्धंकच्चं चिकन, यातनं जातं ते पोटात. पाणी उकळून पी, टँकरचं असलं तर नक्कीच. कावीळ, टायफॉइड, हे जास्त करून हातातनं आणि पाण्यातनं येतं, २०२३ च्या पावसाळ्यात तुझे डोळे आलेले तेही एकाच टॉवेलनं तोंड पुसल्यामुळं, मला पक्कं माहितीय कुणाच्या टॉवेलनं ते, पण जाऊ दे.

हात धुवा म्हणून सांगणं मात्र फार अवघड काम आहे माऊ. घरात सोपं असतं. दुकानात शेठना कसं सांगायचं? मी दिवाणजी माणूस. यार्डाच्या गेटवर पाण्याचं बॅरल आणि साबण ठेवलेला, हमाल लोक बिचारे रोज न सांगता धुवायचे, आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं तशीच गाडीतनं उतरून आत. त्यांना वाटायचं आपले हात कशाला घाण असतील. तूच मला तेव्हा त्या व्हिएन्नाच्या डॉक्टरची गोष्ट वाचून दाखवली होतीस, सेमेलवाइस. १८४७ मधे त्यानं बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, कारण ती मंडळी मढ्यांची चिरफाड करून तशीच बाळंतपणाला यायची, आणि हात धुवायला लागल्यावर बायका मरायच्या लगेच कमी झाल्या. तरी मोठमोठ्या डॉक्टरांना राग आला, आमच्यासारख्यांचे हात घाण कसे असतील म्हणून. मी मनात म्हटलं, हे तर आपल्या यार्डाचंच झालं.

आता खरं सांगायचं ते सांगतो, ज्यासाठी झोप गेली.

एवढं सगळं करून मला कोरोना झाला तो हातातनं नाही झाला. २०२१ चा मार्च, हिशोब बंद करायचे दिवस. बाहेर निर्बंध म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं, खिडक्या लावलेल्या, एसी चालू, आणि आम्ही पाच जण चोपड्या आणि कॉम्प्युटर घेऊन चार-चार तास एका खोलीत. टेबलावर सॅनिटायझरची मोठी बाटली, प्रत्येक जण आत आला की दोन वेळा दाबणार. आणि मास्क? हनुवटीखाली. चहा यायचा ना सारखा. एक जण खोकत होता, धुळीनं होतंय म्हणाला, हळदीच्या दुकानात खोकणाऱ्याला कोण काय बोलणार. पाचातले तिघं पॉझिटिव्ह आलो.

डॉक्टर लोक आता सांगतात की नोटा, पिशव्या, दाराच्या कड्या, यातनं कोरोना होण्याची शक्यता फार कमी होती, जास्त करून तो हवेतनं, बंद खोलीत, बोलण्या-खोकण्याच्या बारीक तुषारातनं पसरायचा. मी नोटा भाजत बसलो आणि हवेचा विचारच केला नाही.

आणि मला हवेचं कळायला पाहिजे होतं, त्याचंच जास्त वाईट वाटतं. माझे वडील, तुझे आजोबा, सांगलीजवळ हरिपूरला पेवावर, म्हणजे हळद साठवायच्या खड्ड्यांवर, कामाला होते. तू पेवं बघितली नाहीस, जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, मडक्यासारखा आकार, वरचं तोंड लहान, आत हळदीची पोती, वर्षानुवर्षं हळद किडत नाही कारण आत ताजी हवाच जात नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हा पहिला नियम. तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू द्यायची, मग दोरीनं कंदील सोडायचा, कंदील विझला तर परत थांबायचं. मी दहा वर्षांचा असताना उतावीळपणे वाकून बघायला गेलो तर वडिलांनी असा कान पिळला होता की अजून आठवतो. बंद जागेतली हवा माणूस खाते, असं म्हणायचे ते. पेवातलं कारण वेगळं, दुकानातलं वेगळं, ते मला कळतंय, पण दार उघड आणि हवा येऊ दे ही अक्कल तर तीच होती ना. आमच्या घराण्यात तीन पिढ्या असलेली अक्कल मी एसीपायी घालवली.

पुढचं तुला अर्धंच माहितीय, तेव्हा तुला मावशीकडं पाठवलेलं. मी माडीवर वेगळा राहिलो पण तोवर उशीर झालेला, चौथ्या दिवशी आजीला ताप. तिचा लशीचा एक डोस झाला होता म्हणून थोडक्यात निभावलं असं डॉक्टर म्हणाले. ऑक्सिमीटरवर ९१ दिसल्यावर बेड शोधायला निघालो, एका ठिकाणी आधी डिपॉझिट भरा मग बघू म्हणाले, पेशंट बाहेर रिक्षात, मी काउंटरवर. मिरजेत एका ओळखीच्या वॉर्डबॉयनं फोन लावून दिला तेव्हा बेड मिळाला. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी तुझ्याशी फोनवर सगळं मस्त चाललंय म्हणून बोलायचो, ते सगळं खोटं होतं.

आजी चालत घरी आली, सगळ्यांना आनंद झाला, पेढे वाटले. पण तिचा वास गेला तो परत आलाच नाही. बाकीच्यांचा महिन्या-दोन महिन्यांत आला, तिचा नाही. तुला आठवत असेल, ती नुसत्या वासावर सांगायची हळद राजापुरी आहे का दुसरी कुठली, व्यापारी लोक चेष्टेनं म्हणायचे आजीला सौद्याला आणा. आता फोडणी टाकली की आईला विचारते, करपलं का गं? ती कधी मला एक शब्द बोलली नाही. मीही तिला दुकानातल्या अर्ध्या शटरचं सांगितलेलं नाही, पहिल्यांदा तुलाच सांगतोय.

म्हणून रूममधे कुणाला ताप-खोकला असला तर लाजू नकोस, खिडकी उघड, थंडी वाजली तर पांघरूण घे पण खिडकी उघड. स्वतःला खोकला असला तर मास्क लाव आणि नाकावरनं लाव, हनुवटीला काही आजार नसतो. मेसमधे गर्दीच्या वेळी अर्धा तास उशिरा गेलीस तरी पोळी मिळते. आणि मोबाईल! दिवसभर सगळीकडं ठेवतेस आणि जेवताना डाव्या हातात असतो तुझ्या, तो पुसत जा अधूनमधून. मैत्रिणी हसतील, हसू देत.

रविवारी बसनं पार्सल टाकतोय. भडंग आहे दोन किलो, एकटीनं खाऊ नकोस, साबणाच्या चार वड्या आहेत, दोन नॅपकिन, आणि आईनं हळद दिलीय दुधात घालायला, तिची चव ओळखीची लागते का सांग मला. लशीचं तुझं सर्टिफिकेट कॉलेजात मागितलं तर माझ्या मेलवर आहे, पाठवतो.

अजून बरंच लिहायचं होतं, तुझ्या फीचं, आणि त्या इंटर्नशिपचं काय झालं ते. पण खालनं दूध करपल्याचा वास येतोय, आजी गॅसपाशीच उभी असणार आणि तिला कळलं नसणार. जातो.

तुझे,
पप्पा