सरावाचे प्रश्न आणि बाबांची बैलबंडी

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

इकडे कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे, बाकी ठीक. मंगळवारी मी यवतमाळला आरटीओत स्कूटीच्या लर्निंगची परीक्षा द्यायला जाते आहे. परीक्षा घरबसल्या मोबाईलवरही देता येते, पण आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही. टाकीवर बसून परीक्षा देणारी अंगणवाडी बाई तालुक्यात नको.

आठ दिवस झाले, रात्री जेवणं आटोपली की पोट्टा मोबाईल घेऊन माझा मास्तर होतो. तो सरावाचे प्रश्न वाचतो, मी चुकले की खिदळतो. निम्मा वेळ मराठीचं मराठी करण्यात जातो. लायसनला म्हणे अनुज्ञप्ती! खुणा मात्र पाठ झाल्या. लाल काठाचा गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे पुढे जपून. निळ्या गोलात लाल रेघ एक की दोन, यात अजून घोळ होतो. एक तिरपी रेघ असेल तर गाडी लावून जायचं नाही, फुली असेल तर थांबायचंसुद्धा नाही. ६० टक्के बरोबर आले की पास, पण मास्तर ८० च्या खाली झोपू देत नाही.

परवा प्रश्न आला, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर काय कराल? मी म्हटलं, हॉर्न वाजवून पटकन निघायचं. चूक. गाडी डाव्या अंगाला उभी करायची, उतरायचं, रुळापर्यंत जाऊन दोन्हीकडे बघायचं, मग पुढे. पोट्टा पुढच्या प्रश्नावर गेला, मी तिथंच राहिले. बाबा, कापसाची बंडी कारंजाला जिनिंगमध्ये नेताना शकुंतला रेल्वेच्या रुळापाशी तुम्ही हेच करायचे ना? कासरा माझ्या हातात द्यायचे, उतरायचे, रुळावर उभं राहून आधी मूर्तिजापूरकडे बघायचे, मग यवतमाळकडे. वाफेचं इंजिन ते, धूर लांबूनच दिसायचा, आणि गाडी अशी की पोट्टे पळत जाऊन पकडायचे. तरी तुम्ही उतरायचेच. हातात तो खरखरीत कासरा, आणि मी सात वर्षांची, श्वास धरून बसलेली. आता रूळ गवतात बुडाले. प्रश्न मात्र सरकारच्या यादीत आहे, आणि तुमच्याच पोरीनं तो चुकवला.

समोरची गाडी अरुंद पुलावर शिरत असेल तर आपण थांबायचं, घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे दोन मात्र न वाचता बरोबर आले. भरली बंडी चढावर अडली की बैलांचं काय होतं ते पाहिलंय मी.

आता पुढचं वाचून रागावू नका, आणि आईवर तर मुळीच नको. तिनं फोनवर सांगितलं की तुमच्या लायसनची मुदत संपून दीड वर्ष झालं. वर्षाच्या आत असतं तर नूतनीकरणावर भागलं असतं. आता पुन्हा चाचणी द्यावी लागेल, आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागेल. डॉक्टर डोळे तपासणार. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच कागद टाळताय असं मला वाटतं. वावरातली थ्री फेज रात्री येते, मोटर सुरू करायला तुम्ही लुना काढता, आणि समोरून ट्रॅक्टर एकाच दिव्यावर येतो. धूर दिसत नसतानाही बंडीतून उतरणारे तुम्ही, आता अंदाजानं गाडी हाकता!

सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. मी सुटी काढते, सोबत येते. तोवर मोटरला ऑटो बसवून घ्या, वीज आली की आपोआप सुरू होईल. पैसे मी पाठवते, नाही म्हणू नका.

आई, शिकाऊ लायसन मिळालं तरी पक्क्याच्या चाचणीला ३० दिवस थांबावं लागतं. तोवर गाडीला पांढऱ्यावर लाल एल लावायचा आणि शिकवणाऱ्याशिवाय मागे कुणाला बसवायचं नाही. म्हणून संक्रांतीला मी एसटीनंच येईन. वाणाच्या खरेदीला स्कूटीवर बसून जायचा तुझा बेत या वर्षी राहू दे. तिळाचे लाडू मात्र पोट्ट्यासाठी जास्त कर, मास्तरची फी आहे ती.

तुमची,
सुमन