भाड्याचे सूत्र करारातच पक्के हवे

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किमीची मेट्रो खासगी भागीदारीतून उभी राहिली. २००७च्या सवलत करारात (खासगी कंपनीला मार्ग बांधून ठरावीक काळ चालवण्याचा हक्क देणारा करार) अंतरानुसार ९, ११ आणि १३ रुपये भाडे धरले होते. जून २०१४मध्ये गाडी धावली आणि वाद पेटला तो थेट ४० रुपयांपर्यंतच्या दरांवरून. करारानंतर मेट्रोचा केंद्रीय कायदा मुंबईला लागू झाला होता. त्याच्या कलम ३३नुसार सुरुवातीचे भाडे ठरवण्याचा अधिकार मेट्रो प्रशासनाकडे, म्हणजे चालवणाऱ्या कंपनीकडेच गेला. तिच्यात एमएमआरडीएचा, म्हणजे राज्य सरकारच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, वाटा २६ टक्के. आवाज आहे, बहुमत नाही!

खर्चवाढीचे दुखणे वेगळे. जागा ताब्यात नसताना कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघाला, की कंपनीचा विलंबाच्या भरपाईचा दावा आयताच तयार होतो. म्हणून किमान ८० टक्के जागा मोकळी झाल्याशिवाय कराराची मुदत सुरूच करू नये. भाडे महागाई निर्देशांकाशी जोडावे, कायदा बदलल्यास कोणते दर लागू राहतील हे कलमातच लिहावे आणि कामावर तटस्थपणे देखरेख करणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याचे अहवाल संकेतस्थळावर टाकावेत. करार जाहीर करताना परिशिष्टे वगळू नयेत. बहुतेक घोळ तिथेच असतो.

– एक वाचक, घाटकोपर